खोट्या साक्षीचं घर : ‘छोटी वेरा’ची प्रस्तावना

मुलीच्या पर्समध्ये वीस डॉलरची नोट सापडते आणि घर डोक्यावर घेतलं जातं. वडील ट्रकचालक, आई कारखान्यात कामाला, मुलगी वेरा शाळा संपवून पुढच्या प्रशिक्षणाची वाट बघत दिवस ढकलणारी. सोव्हिएत संघातल्या त्या घरात ही नोट म्हणजे नुसती आगळीक नव्हती. परकीय चलनाचा व्यवहार हा तिथे गंभीर गुन्हा होता. १९६१मध्ये रोकोतोव आणि फायबिशेन्को या दोन तरुणांना चलनाच्या काळ्या बाजारासाठी गोळ्या घालण्यात आल्या होत्या, तेही आधी तुरुंगवासाची शिक्षा झालेली असताना, कायदा बदलून. त्यामुळे वेराच्या आईबापांची भीती अगदी खरी आहे. पण त्या भीतीपोटी ते जे करतात, ते पाहण्यासारखं आहे. मुलगी समोर उभी असताना ते मॉस्कोला, डॉक्टर असलेल्या थोरल्या मुलाला, व्हिक्टरला फोन लावतात. तूच सांग आता तुझ्या बहिणीला. मग रिसीव्हर वेराच्या हातात. हातभर अंतरावरच्या मुलीशी बोलायला या दोघांना शेकडो मैलांवरचा मध्यस्थ लागतो.

वासिली पिचुल या दिग्दर्शकाच्या ‘छोटी वेरा’ या चित्रपटाची ही सुरुवात. १९८८ साली तो सोव्हिएत चित्रपटगृहांत लागला आणि साडेपाच कोटींच्या आसपास लोकांनी तो पाहिला. १९८९च्या जनगणनेनुसार त्या देशाची लोकसंख्या २८ कोटी ६० लाखांच्या वर होती. म्हणजे दर पाच-सहा माणसांमागे एक तिकीट. या गर्दीचं कारण म्हणून एकच गोष्ट आजवर सांगितली जाते: सोव्हिएत पडद्यावर इतक्या उघडपणे दाखवलेला हा पहिलाच शय्याप्रसंग. वेराचं काम करणारी नताल्या नेगोदा १९८९च्या मे महिन्यात अमेरिकेच्या ‘प्लेबॉय’ मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली आणि चित्रपटाची ओळख तिथेच शिक्कामोर्तब होऊन थांबली. आपल्याकडेही सिनेमावर वाचणाऱ्यांना हे नाव ठाऊक असलंच तर याच कारणाने ठाऊक असतं. माझ्या मते या चित्रपटाची खरी खळबळ त्या प्रसंगात नाही. ती एका साक्षीत आहे. घरातल्या सगळ्यांनी मिळून एका मुलीकडून वदवून घेतलेल्या खोट्या साक्षीत. त्या साक्षीपर्यंत वाचकाला नेऊन पोचवावं, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

आधी गाव पाहू. चित्रपट सुरू होतो तो शहरावरून संथपणे फिरत जाणाऱ्या कॅमेऱ्याने. धुराडी, धूर, कारखान्याच्या शेड, मग एकसारख्या चाळवजा इमारतींच्या रांगा. हे अझोव्ह समुद्राच्या काठावरचं, दक्षिण युक्रेनमधलं मारिउपोल. चित्रीकरण झालं तेव्हा त्याचं अधिकृत नाव झ्दानोव होतं. शहरात पोलादाचे दोन अवाढव्य कारखाने, अझोव्हस्ताल आणि इलिच. शहराची भाकरी त्यांच्यावर आणि शहराचा खोकलाही त्यांच्यामुळेच. पिचुलचा जन्म इथलाच, १९६१चा. चित्रीकरणाच्या वेळी तो सव्वीस वर्षांचा होता आणि हा त्याचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. पटकथा त्याची पत्नी मारिया ख्मेलिक हिची, तीही त्याच्याच वयाची. आपल्या माहितीच्या गल्ल्यांत परत जाऊन केलेलं हे काम आहे आणि ते पदोपदी जाणवतं. बाहेरून आलेला दिग्दर्शक अशा शहराची कीव करतो किंवा त्याला नावं ठेवतो. पिचुल दोन्ही करत नाही. तिथे लोक कसे बसतात, जेवतात, भांडतात, हे त्याला पाठ आहे.

शहराच्या त्या नावात एक इतिहास आहे. आंद्रेई झ्दानोव हा स्टालिनचा सांस्कृतिक सुभेदार. १९३४च्या पहिल्या लेखक-काँग्रेसमध्ये समाजवादी वास्तववादाची द्वाही फिरवणारा हाच, आणि १९४६मध्ये अख्मातोवा आणि झोश्चेन्को या साहित्यिकांवर तुटून पडणाराही हाच. तो मारिउपोलमध्ये जन्मला होता, म्हणून १९४८मध्ये त्याच्या मृत्यूनंतर गावाला त्याचं नाव देण्यात आलं. कलेने कामगाराला कसं दाखवावं, उद्याच्या तेजस्वी दिवसाकडे बोट कसं दाखवावं, हे ज्याने देशाला बजावलं, त्याच्याच नावाच्या शहरात हा कामगार कुटुंबावरचा चित्रपट घडला. चित्रपट लागून काही महिने होतात न होतात तोच, १९८९च्या जानेवारीत, गावाला आपलं जुनं नाव परत मिळालं. चित्रपटामुळे ते मिळालं असं नाही. वारंच फिरलं होतं.

हे वारं कसं फिरलं, ते थोडक्यात सांगितलं पाहिजे. १९८६च्या मे महिन्यात चित्रपटकर्मींच्या संघटनेचं पाचवं अधिवेशन भरलं. जुने पदाधिकारी पडले आणि दिग्दर्शक एलेम क्लिमोव प्रमुख झाला. वर्षानुवर्षं कपाटात कुलूपबंद ठेवलेले चित्रपट तपासायला एक समिती नेमली गेली आणि एकामागून एक डबे उघडू लागले. त्याच वर्षी युरिस पोद्निएक्स या लाटव्हियन दिग्दर्शकाचा ‘तरुण असणं सोपं आहे का?’ हा अनुबोधपट आला. रॉक कार्यक्रमाहून परतताना आगगाडीच्या डब्याची मोडतोड केलेली पोरं, त्यांच्यावरचा खटला, अफगाणिस्तानातून परतलेले जवान. कॅमेऱ्यासमोर ते बोलत होते आणि देश ऐकत होता. तरुणांचं काहीतरी बिनसलंय, हे आता उघडपणे म्हणता येत होतं. मात्र बहुतेक चित्रपटांत हा तरुण राजधानीतला होता. तो गाणी म्हणत होता, चतुर उत्तरं देत होता, त्याच्या बंडाला एक ऐट होती. वेराच्या गावात ती ऐट पोचलेली नाही. तिच्याजवळ रंगवलेल्या केसांच्या बटा आहेत, तोकडा स्कर्ट आहे, आणि संध्याकाळी उघड्यावरच्या नाचाच्या चौथऱ्यावर जायची सोय आहे. तिथे पोरांच्या दोन टोळ्या एकमेकांवर तुटून पडतात, मिलिशिया, म्हणजे तिथले पोलीस, कुत्री घेऊन येते, आणि त्या धावपळीत वेराला सेर्गेई भेटतो.

पिचुल कोणाचा शिष्य, हे कळलं की चित्रपटाला आणखी एक तळ लाभतो. मॉस्कोच्या चित्रपट संस्थेत तो मार्लेन खुत्सिएव यांच्या हाताखाली शिकला. खुत्सिएव यांचं नाव झालं ते १९५६च्या ‘झारेच्नाया रस्त्यावरचा वसंत’ या चित्रपटाने; फेलिक्स मिरोनेर त्याचे सहदिग्दर्शक. तेही पोलादाचंच गाव, तेही युक्रेनमध्येच चित्रित झालेलं. त्यातला साशा हा भट्टीवरचा कामगार, रात्रशाळेत शिकवायला आलेल्या शिक्षिकेच्या प्रेमात पडतो. ती कारखान्यात येते, वितळल्या पोलादाच्या उजेडात त्याला काम करताना पाहते, आणि हा माणूस आपण समजलो त्याहून मोठा आहे हे तिला उमगतं. कारखान्याचा तो उजेड माणसाला उजळून टाकणारा होता. पुढे खुत्सिएव यांनीच ‘इलिचची वेस’ केला. त्यातला तरुण नायक युद्धात मेलेल्या बापाला, त्याच्या सावलीला, विचारतो की मी कसं जगू. बाप त्याचं वय विचारतो. तेवीस, मुलगा म्हणतो. मी एकवीसचा आहे, बाप म्हणतो, आणि निघून जातो. १९६३च्या मार्चमध्ये क्रेमलिनमधल्या सभेत ख्रुश्चेव या प्रसंगावर भडकले. जनावरंसुद्धा आपल्या पिलांना टाकून देत नाहीत, मग सोव्हिएत बाप मुलाला उत्तर न देता जाईलच कसा, असा त्यांचा सवाल होता. चित्रपटाची कापाकापी झाली आणि तो १९६५मध्ये वेगळ्या नावाने लागला.

त्याच गुरूचा शिष्य पंचवीस वर्षांनी पोलादाच्या गावात परततो, तेव्हा बाप जिवंत आहे. स्वयंपाकघरात बसलेला आहे. आणि त्याच्याकडेही उत्तर नाही. फरक इतकाच की ‘इलिचची वेस’मधला मुलगा निदान विचारत तरी होता. वेरा विचारत नाही.

या बापाचं, कोल्याचं काम युरी नाझारोव यांनी केलं आहे. तार्कोव्स्कीचे चित्रपट आपल्या फिल्म सोसायट्यांतून पाहिलेल्यांना हा चेहरा ओळखीचा वाटेल. ‘आंद्रेई रुब्लेव’मध्ये ते आहेत, आणि ‘आरसा’मध्ये युद्धकाळात मुलांना नेमबाजी शिकवणारा, डोक्याला मार बसलेला शिक्षक तेच आहेत. एक व्रात्य मुलगा हातबॉम्ब फेकतो आणि तो शिक्षक मुलांना वाचवायला क्षणाचाही विचार न करता त्यावर आडवा पडतो. आईचं काम करणाऱ्या ल्युद्मिला झायत्सेवा यांना सोव्हिएत प्रेक्षक १९७२च्या ‘इथल्या पहाटा शांत आहेत’ या युद्धपटातली धीराची सार्जंट म्हणून ओळखत होता. देशाला ज्यांच्या चेहऱ्यांत खंबीर, भली माणसं पाहायची सवय होती, त्या दोघांना पिचुलने या घरात आणून बसवलं. म्हणून १९८८चा प्रेक्षक कोल्याला दारुडा म्हणून हातावेगळा करू शकला नाही. हाच तो बॉम्बवर पडणारा माणूस, असं त्याला कुठेतरी वाटत राहिलं असणार. आणि चित्रपटातला कोल्या खरोखरच तसा आहे. दिवसभर ट्रक हाकतो, घरी पैसा आणतो, मुलीवर जीव टाकतो. संध्याकाळी पितो. १९८५च्या मे महिन्यात सरकारने दारूविरुद्ध मोहीम उघडली होती; द्राक्षमळे तोडले गेले, घरगुती दारू गाळण्यासाठी लोकांनी साखर पळवल्याने दुकानांतली साखर संपली, रांगा लागल्या. या घरातलं पिणं त्या मोहिमेने थांबलेलं दिसत नाही.

आता त्या स्वयंपाकघरात जाऊ, कारण चित्रपटाचा जीव तिथे आहे. छायाचित्रकार येफिम रेझ्निकोव कॅमेरा घेऊन त्या चिंचोळ्या जागेत शिरतो आणि बराच वेळ बाहेरच येत नाही. माणसं एकमेकांना घासून जातात. कोणीतरी टेबलाशी, कोणीतरी चुलीशी, कोणीतरी दारात. आई सतत कापत, चिरत, शिजवत, वाढत असते. सगळे एकाच वेळी बोलतात, त्यातले अर्धे शब्द जेवणाबद्दलचे असतात. घे ना, खा ना, अजून का वाढलं नाहीस. मुलगी रडत असली तरी खा. जावई होऊ घातलेला मुलगा उद्धटपणे वागला तरी आधी खा. माया व्यक्त करायची म्हटली तर या घरात ताट वाढणं ही एकच रीत उरलेली आहे, आणि राग व्यक्त करायची रीत आहे ओरडणं. या दोन टोकांच्या मधली सारी बोली हरवलेली आहे. ‘तुला काय झालंय’ हे शांतपणे विचारण्याची, आणि उत्तर येईपर्यंत थांबण्याची, कोणालाच सवय नाही. आपल्या घरांतही असे टेबलाभोवतालचे आवाज ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना ते ओळखू येतील. पण या घरामागचं कारण तिथलंच आहे, ते तिथेच ठेवून पाहायला हवं.

ते कारण बऱ्याच अंशी चौरस मीटरांत मोजलेलं आहे. सोव्हिएत शहरात घर सहसा विकत मिळत नसे, वाटून मिळे. आणि वाटप माणशी हिशेबाने होई. रांगेत नाव लागे, वर्षं जात. कुटुंबात माथं वाढलं तर मोठ्या घराचा हक्क वाढे. चित्रपटात वेराला एका क्षणी ऐकवलं जातं की तिचा जन्मसुद्धा याच हिशेबातून झाला. दुसरं मूल झालं तर मोठं घर मिळेल, म्हणून. हे वाक्य रागाच्या भरात येतं आणि जातं. कोणी ते परत घेत नाही, कोणी माफी मागत नाही. पटकथा लिहिणाऱ्या ख्मेलिकचं कसब मला इथे सगळ्यात जास्त जाणवतं. तिने हे वाक्य कळसाला ठेवलं नाही, त्यावर संगीत चढवलं नाही. रोजच्या बोलाचालीत ते सोडून दिलं, आणि म्हणूनच ते वेराच्या मनात कुठे जाऊन रुतलं असेल याचा विचार आपल्याला करावा लागतो.

सेर्गेई हा धातुविद्येच्या संस्थेतला विद्यार्थी, वसतिगृहात राहणारा. देखणा, वाचलेला, जिभेला धार असलेला. समुद्रकिनाऱ्यावर तो वेराला विचारतो की तुझ्या आयुष्याचं ध्येय काय, आणि ती म्हणते की आपलं सगळ्यांचं ध्येय एकच, साम्यवाद. प्रेक्षागृहात इथे हशा पिकत असे म्हणतात. पण नेगोदाचा चेहरा नीट पाहावा. शाळेत दहा वर्षं घोकून घेतलेलं उत्तर ती देते आहे, कारण दुसरं उत्तर तिला कोणी शिकवलेलंच नाही. तिची थट्टा अर्धी आहे. उरलेल्या अर्ध्या जागेत काहीच नाही. सेर्गेईकडे तरी काय आहे? या प्रश्नाचं उत्तर चित्रपट हळूहळू देतो आणि ते सेर्गेईच्या बाजूचं नाही. वेराच्या घरच्यांना तो तुच्छतेने वागवतो. घरात राहायला येतो, तिथलं खातो आणि तिथल्या माणसांकडे प्राणिसंग्रहालयात आल्यासारखा पाहतो. वेराने लग्नाला घरून होकार मिळावा म्हणून आपल्याला दिवस गेल्याचं खोटंच सांगितलेलं असतं. या घरात काहीही मिळवायचं तर आधी खोटं बोलावं लागतं, हे ती फार लवकर शिकली आहे. तिच्या या पहिल्या खोटेपणाकडे लक्ष ठेवा. पुढे तिला जे बोलायला लावलं जाईल त्याची ही तालीम आहे.

बापाच्या वाढदिवशी ठिणगी पडते. कोल्या पिऊन तर्र झालेला, सेर्गेई त्याला न्हाणीघरात कोंडतो. सगळ्यांसमोर, स्वतःच्या घरात, वाढदिवसाच्या दिवशी कोंडला गेलेला बाप दार उघडताच चाकू घेऊन येतो आणि सेर्गेईला भोसकतो. या प्रसंगात खलनायक कोण, हे ठरवायचा प्रयत्न करून पाहावा. मी अनेकदा केला आहे आणि दर वेळी दुसऱ्याच माणसाच्या बाजूने उभा राहिलो आहे. कोल्याचा अपमान खरा आहे. सेर्गेईची जखम खरी आहे. आईची किंकाळीही खरीच.

आणि मग ती साक्ष. सेर्गेई रुग्णालयात आहे. तपास सुरू आहे. कोल्या तुरुंगात जाणार, हे दिसू लागतं. आता घर एकवटतं. इतका वेळ एकमेकांवर ओरडणारी माणसं पहिल्यांदाच एका सुरात बोलतात, आणि तो सूर असतो वेराला विनवण्याचा, दटावण्याचा. तू सांग की तसं घडलं नाही. तू सांग की दोष त्याचाच होता. शेवटी बाप आहे तो. मॉस्कोहून आलेला शहाणा भाऊही त्यांच्यातच. प्रेमाच्या माणसाविरुद्ध बोललं तरच घर वाचेल, असा सौदा तिच्यापुढे मांडला जातो. वेरा तो पत्करते. तिला धमकावणारं पोलीस ठाणं नाही, पक्षाचा कोणी माणूस नाही. खोटं बोलायला लावणारी सारी तिची आपली माणसं आहेत, आणि ती हे प्रेमापोटी करत आहेत.

सत्तर वर्षं या देशात लोकांनी सभांमध्ये, अर्जांमध्ये, शाळेच्या निबंधांमध्ये जे बोलायचं असतं तेच बोलून आपापली घरं राखली होती. त्या सवयीवर निबंध लिहिणारे, घणाघाती लेख लिहिणारे ग्लासनोस्तच्या, म्हणजे खुलेपणाच्या धोरणाच्या, काळात पुष्कळ निघाले. स्टालिनवर चित्रपट निघाले. त्यांची गरज होतीच. पण सत्तेचं खोटं दाखवताना बोट नेहमी वर, क्रेमलिनकडे जातं, आणि प्रेक्षक सुटतो. पिचुल आणि ख्मेलिक यांनी क्रेमलिनचं नावही न घेता दाखवून दिलं की खोटं बोलण्याची ती हातोटी स्वयंपाकघरात कशी मुरली होती, बापाच्या मायेत आणि आईच्या रडण्यात कशी मिसळली होती. लोक त्या प्रसंगाने हादरले असतील तर ते याच कारणाने, असं मला वाटतं. प्रेक्षकांमधल्या कित्येकांनी चाकू कधी पाहिला नसेल. असली साक्ष मात्र त्यांतल्या अनेकांनी कुठे ना कुठे दिलेली असणार.

त्यानंतरची सहल मला या चित्रपटातली सर्वांत अवघड जागा वाटते. सगळं काही झालं नाहीच, असं समजून कुटुंब समुद्रावर जातं. खाण्याचे डबे घेऊन, अर्थातच. पाऊस कोसळतो, वेरा पळून जाते, बाप तिला शोधतो आणि कवटाळतो. ज्याने तिचं माणूस भोसकलं, ज्याच्यासाठी ती खोटं बोलली, त्याच्याच कुशीत ती रडते. दुसरी कोणतीही कूस तिला उरलेली नाही. हा समेट आहे का? बघणाऱ्याने ठरवावं. मला तो समेट वाटत नाही, पण ती मिठी खोटी आहे असंही म्हणवत नाही. नाझारोव आणि नेगोदा यांनी इथे जे केलं आहे ते अभिनयाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात घालावं असं आहे.

चित्रपटाच्या सगळ्याच बाजू इतक्या भक्कम नाहीत. वेराची मैत्रीण लेना, तिचा वयस्क मित्र, वेरावर भाळलेला आणि दूर जाणारा आंद्रेई, या धाग्यांना पुरेशी लांबी मिळालेली नाही. शेवटच्या भागात घटनांची गर्दी होते: वेराचा गोळ्या खाऊन मरण्याचा प्रयत्न, सेर्गेईचं परतणं, कोल्याचं एकट्याने मुलांना हाका मारत कोसळणं. यातलं एखादं कमी असतं तरी चाललं असतं. शेवट मी इथे मुद्दाम उघड केला आहे, कारण या चित्रपटात पुढे काय होतं याला फारसं महत्त्व नाही. कोण कोणाशी कसं बोलतं, याला आहे. सेर्गेई परतल्यावर एवढंच कबूल करतो की मी घाबरलो होतो. संपूर्ण चित्रपटात कोणीतरी कोणालातरी सांगितलेली ही पहिली साधी, सरळ, खरी गोष्ट आहे, आणि ती सांगतो तो या घराबाहेरचा माणूस.

त्या शय्याप्रसंगाबद्दल आता बोलायला हरकत नाही. तो वसतिगृहाच्या खोलीतला आहे, थोडा आहे, आणि त्यात दोघं बोलत असतात. पडद्यावर ओठांचं चुंबन झालं की कॅमेरा झाडांकडे वळण्याची रीत असलेल्या देशात तो धक्कादायक वाटला, हे समजण्यासारखं आहे. परंतु या एका प्रसंगाची किंमत नेगोदाने पुढे वर्षानुवर्षं चुकवली. परदेशी छायाचित्रांनी आणि देशी शेरेबाजीने तिला एका चौकटीत बसवून टाकलं. ती अमेरिकेत गेली, पडद्यावरून जवळजवळ दिसेनाशी झाली. २००९मध्ये अलेक्सेई मिझ्गिरेवच्या ‘बुबेन, बाराबान’ या चित्रपटात तिने एका खाणगावातल्या ग्रंथपाल बाईचं काम केलं. ‘छोटी वेरा’ आवडलेल्यांनी तो अवश्य मिळवून पाहावा. ही किती मोठी अभिनेत्री होती आणि तिला किती थोडं काम मिळालं, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

चित्रपटावरचा दुसरा आरोप काळेपणाचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी रशियन चित्रपटांत घाण, दारू, मारहाण यांचा पूर आला आणि समीक्षकांनी त्या सगळ्याला ‘चेर्नुखा’ हे नाव दिलं. ‘छोटी वेरा’चं नाव त्या यादीत पहिल्या क्रमांकावर घेतात. त्या लाटेतले पुष्कळ चित्रपट खरोखर पोकळ होते. दुःख दाखवलं की सत्य आपोआप येतं, अशा समजुतीत ते काढले गेले. हा त्यांतला नाही. काळेपणासाठी काळेपणा दाखवणाऱ्याला माणसांचं बोलणं इतक्या बारकाईने ऐकायची गरज पडत नाही. हा चित्रपट कुणालाही तुच्छ लेखत नाही, दारुड्या बापाला नाही, ओरडणाऱ्या आईला नाही, उर्मट सेर्गेईलासुद्धा नाही. आपल्याकडे सोव्हिएत देशाची ओळख एके काळी मॉस्कोहून येणाऱ्या स्वस्त, देखण्या पुस्तकांमधून झाली. लोकवाङ्मय गृहाच्या दुकानातून ती पुस्तकं घेऊन वाढलेली एक पिढी मराठीत आहे आणि त्या पुस्तकांनी तिला फार काही दिलं. त्या पिढीला मी हा चित्रपट विशेष आग्रहाने दाखवीन. गॉर्कीच्या कादंबऱ्यांतल्या कामगार वस्त्यांचं पुढे काय झालं, याचं उत्तर इथे आहे, आणि ते त्या वस्त्यांवर प्रेम करणाऱ्यानेच दिलेलं आहे.

पिचुल २०१५मध्ये गेला. त्याचं गाव २०२२च्या वेढ्यात उद्ध्वस्त झालं; अझोव्हस्ताल हे नाव त्या वसंतात जगभरच्या बातम्यांत रोज येत होतं, कारण मारिउपोलचे शेवटचे युक्रेनी सैनिक आणि नागरिक त्याच्याच भुयारांत आसऱ्याला होते. त्यामुळे चित्रपटाच्या पहिल्या दोन मिनिटांचं स्वरूप आता बदललं आहे. जे दृश्य गुदमरलेल्या शहराचं म्हणून टिपलं गेलं, ते आज नाहीशा झालेल्या शहराचं टिपण म्हणून पाहावं लागतं. त्या इमारतींत लोक राहत होते, भांडत होते, वाढदिवस करत होते.

शेवटी पाहण्याबद्दलची एक व्यावहारिक सूचना. या चित्रपटात माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात आणि उपशीर्षकांना एका वेळी एकाचंच बोलणं पकडता येतं. बहुधा जो मोठ्याने ओरडतो त्याचंच खाली उमटतं. शक्य असेल तर हा चित्रपट दोनदा पाहावा: पहिल्यांदा उपशीर्षकं वाचत, आणि दुसऱ्यांदा, कथा माहीत झाल्यावर, ती बंद करून. दुसऱ्या वेळी ज्याचं वाक्य खाली उमटत नव्हतं, त्या माणसाकडे पाहावं. बहुतेक वेळा ती वेरा असते.